वेलिंग्टन : शेजारचे आजोबा उंदरांचा सापळा देऊन गेलेत. लावू का?

केतकी_म

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून न्यूझीलंडला, वेलिंग्टनला आलो. करोरीत भाड्याचं घर आहे. मागे डेक, त्याच्या बाजूला कंपोस्टचा डबा आणि कुंपणापलीकडे उतारावर नुसती झाडी. शनिवारी गल्लीतले एक आजोबा लाकडी खोकं घेऊन दारात आले. आत उंदीर मारायचा सापळा. दर पाच घरांमागे एक तरी असावा असा त्यांच्या गटाचा प्रयत्न आहे, तुमच्या बाजूला अजून कुणाकडे नाही, ठेवाल का, असं फार आर्जवाने विचारलं. पैसे वगैरे काही नाहीत. मी हो म्हटलं. खोकं सध्या गॅरेजमध्ये आहे.

सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे आल्या आहेत. घरात उंदीर शिरला असता तर त्याही काही बोलल्या नसत्या. पण "बाहेरच्या बाहेर फिरणाऱ्या जिवाला खायचं आमिष दाखवून बोलवायचं आणि मारायचं, हे कशासाठी?" असं त्यांनी विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. भाद्रपदात याच घरात गणपती बसणार, हेही त्यांच्या मनात आहे. मुलगा सहा वर्षांचा. त्याला शाळेत या सापळ्यांबद्दल सगळं सांगतात, त्यामुळे तो भलताच उत्साहात आहे. तो उत्साहही मला जरा खटकतो.

इथे कुणी हे करतं का? एका सापळ्याने खरंच काही होतं का? मुलाच्या बोटांची काळजी वाटते, मेलेल्या उंदराचं काय करायचं तेही माहीत नाही. आणि मुळात करावं का?

निनाद_पु

मारायचं कशाला? पिंजरा लावा, सकाळी लांब टेकडीवर नेऊन सोडून द्या. आमच्या सोसायटीत तेच करतो. सासूबाईंचंही मन राहील.

शुभदा_ब्रुकलिन

केतकी, तुझ्या सासूबाईंनी नेमका प्रश्न विचारलाय, म्हणून आधी तोच घेते. खोक्याचं नंतर. मी मालवणची, वेलिंग्टनमध्ये बरीच वर्षं आहे, आमच्या गल्लीच्या गटात सुरुवातीपासून आहे आणि जवळच्या राखीव रानातली सापळ्यांची एक रांग आम्ही काही जणी आळीपाळीने बघतो. मीही शाकाहारी घरातली आहे. हा प्रश्न मला कुणी विचारण्याआधी मीच मला विचारला होता.

ही बेटं सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या भूखंडापासून सुटली. माणूस आला तेव्हा इथे जमिनीवर चार पायांनी फिरणारा सस्तन प्राणीच नव्हता. किनाऱ्यावर सील आणि रानात वटवाघळं, बस. पक्ष्यांना भीती होती ती वरून येणाऱ्या शिकारी पक्ष्यांची. ते डोळ्यांनी शिकार शोधतात, म्हणून जागच्या जागी गोठून बसायचं, पाचोळ्याच्या रंगात मिसळून जायचं, हेच त्यांचं संरक्षण. काही जण तर उडायचं विसरले. घरटी जमिनीत, मुळांच्या बेचक्यात, झाडांच्या ढोलीत. आता नाकाने शिकार करणारा प्राणी रात्री आला की तो पक्षी काय करतो? गोठून बसतो. मग तो जागेवरच मारला जातो.

आणि हे प्राणी आपणहून आलेले नाहीत. किओरे नावाचा लहान उंदीर माओरींच्या पूर्वजांबरोबर साधारण तेराव्या शतकात आला. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपियन जहाजांतून नॉर्वे उंदीर उतरला, एकोणिसाव्या शतकात जहाजी उंदीर. पोसम, म्हणजे मांजराएवढे, झाडावर राहणारे केसाळ प्राणी, फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून आणले, १८३७ पासून. ससेही माणसांनीच आणले, ते अतोनात वाढून कुरणं खाऊ लागले, तेव्हा त्यांना मारायला १८८० च्या दशकात स्टोट आणि त्याच्याच जातीचे फेरेट आणि वीझल मुद्दाम आणून सोडले. पक्षी जाणणाऱ्या लोकांनी तेव्हाच याला विरोध केला होता, पण कुणी ऐकलं नाही. स्टोट म्हणजे मुंगसाच्या बांध्याचा, पण त्याहून बारीक प्राणी. झाडावर चढतो, समुद्र पोहून बेट गाठतो आणि भुकेपेक्षा जास्त मारून ठेवतो.

त्यातला जहाजी उंदीर म्हणजे आपल्या माळ्यावरचा काळा उंदीर. तो मुळात आपल्याच उपखंडातला. आपल्याकडे साप, घुबडं, मुंगूस, मांजरं या सगळ्यांच्या सोबतीने तो लाखो वर्षं जगत आला, त्याला तिथे त्याची जागा आहे. इथे त्याला अडवणारं जवळजवळ कुणी नाही. सासूबाईंना हे नक्की सांग. उंदीर वाईट आहे म्हणून कुणी मारत नाही. त्याला माणसाने अशा ठिकाणी आणून टाकलंय, जिथे बाकीच्यांना त्याच्यापासून वाचायची विद्याच माहीत नाही.

मला स्वतःला पटलं ते ताउकिहेपाचं वाचल्यावर. देशाच्या दक्षिण टोकाला, रकिउरा म्हणजे स्ट्युअर्ट बेटाजवळचं हे बेट. इंग्रजी नाव बिग साउथ केप. १९६० च्या दशकापर्यंत तिथे उंदीर पोचला नव्हता, म्हणून मुख्य बेटांवरून नाहीसे झालेले जीव तिथे टिकून होते. मग जहाजी उंदीर पोचले, बहुधा मासेमारीच्या बोटींवरून. १९६४ मध्ये तिथे हंगामासाठी जाणाऱ्या माओरी कुटुंबांच्या झोपड्यांत त्यांनी धुमाकूळ घातला, तेव्हा ते सगळ्यांच्या लक्षात आलं. उंदरांमुळे पक्ष्याची अख्खी जात संपू शकते, हे त्या वेळी काही शास्त्रज्ञांनाही मान्य नव्हतं. थांबून बघावं असं त्यांचं म्हणणं होतं. वन्यजीव खात्याची माणसं तरीही गेली आणि तिएके नावाचे ३६ पक्षी पकडून उंदीर नसलेल्या शेजारच्या छोट्या बेटांवर हलवले. आज दक्षिण बेटाचे जेवढे तिएके आहेत ते सगळे त्या ३६ जणांचे वंशज. बाकीच्यांना वाचवता आलं नाही. तिथले बुश रेन आणि स्नाइप हे दोन पक्षी आणि एक मोठं वटवाघूळ, तिन्ही संपले. कायमचे. एका बेटावर, काही वर्षांत.

म्हणून माझं सासूबाईंना सांगणं असं की तुमच्या कुंपणापलीकडच्या उतारावर मरण रोज रात्री आहेच, आपल्याला दिसत नाही एवढंच. सापळा न लावून ते थांबत नाही. करोरीत तर हे अगदी दाराशी आहे. तुमच्या जवळचं झीलँडिया हे पक्ष्यांचं अभयारण्य २२५ हेक्टर आहे, त्याचं ८.६ किलोमीटरचं कुंपण १९९९ मध्ये पुरं झालं. ते कुंपण प्राण्यांना अडवतं, पक्ष्यांना नाही. २००२ मध्ये तिथे काका पोपट सोडले, आज ते शहरभर उडतात. संध्याकाळी तुमच्या छतावरून ओरडत जाणारे तपकिरी मोठे पोपट तेच. काकाची मादी ढोलीत अंड्यांवर बसते. ढोलीला तोंड एकच. स्टोट आत शिरला की तिला बाहेर पडायला वाट नसते, आई आणि पिल्लं एकदमच जातात. म्हणून जिथे सापळे नाहीत त्या रानात नर उरतात आणि माद्या कमी होत जातात. कुंपणाबाहेर ढोली बघत फिरणाऱ्या त्या मादीला तुमच्या गल्लीतल्या खोक्यांखेरीज आधार नाही.

निनाद, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे सोडून देणं म्हणजे त्याला दुसऱ्या घरट्यापर्यंत पोचवणं. आणि पिंजऱ्यात रात्रभर धडपडणाऱ्या प्राण्याचे हालही कमी नसतात. इथल्या कायद्याने जिवंत पकडणारा सापळा लावला तर रोज सूर्योदयानंतर १२ तासांच्या आत तो तपासावाच लागतो. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणारे चिकट गोंदाचे पुठ्ठे इथे २०१५ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जीव घ्यायचाच असेल तर तो क्षणात जायला हवा. यात तडजोड नको.

आता खोकं. आजोबांनी दिलंय ते बहुधा व्हिक्टर नावाचा सापळा बसवलेलं असेल. लाकडी पाटीवर स्प्रिंगची दांडी. खोक्याचं भोक लहान का, तर मांजर आणि पक्षी आत जाऊ नयेत म्हणून. आणि उंदीर समोरूनच आत यावा, म्हणजे दांडी मानेवर बसते. ती मांडणी बदलू नकोस. डेकखाली भिंतीच्या कडेने किंवा कंपोस्टच्या डब्यामागे ठेव, उंदीर उघड्यावरून जात नाही, कडेकडेने जातो. पहिले काही दिवस स्प्रिंग न चढवता नुसतं आमिष ठेव. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याला आधी सवय होऊ दे. पीनट बटर शेंगदाण्याएवढंच, पण खटक्यावर दाबून चोपडायचं. चमचाभर लावलंस तर तो कडेने चाटून निघून जाईल. स्प्रिंग चढवल्यावर खोक्यात बोटं घालायची नाहीत, काही सरकवायचं तर काडीने. झाकण स्क्रूने बंद राहू दे, स्क्रूड्रायव्हर तुझ्याकडे.

हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस. लेप्टो काय असतो ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मेलेला उंदीर खड्डा करून पुरायचा, नाहीतर दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. मी पुरते.

मुलाचा उत्साह तुला खटकतो ते मला फार आवडलं. किती मेले याची मोजणी त्याच्या हातात देऊ नकोस. त्याला च्यू कार्ड दे. पांढऱ्या पन्हळी प्लॅस्टिकची पोस्टकार्डाएवढी पट्टी असते, तिच्या नळ्यांत पीनट बटर दाबून भरायचं, दुमडून झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या खाली ठोकायची आणि आठवड्याने काढून वाचायची. छोट्या जातीच्या उंदराने कडेला नखाने खरवडल्यासारखं बारीक कुरतडलेलं असतं. मोठ्या उंदराने दोन-दोन दातांच्या जोडखुणा सोडत कड सरळ कापत नेलेली असते. पोसमने अख्खा कोपराच चावून चेपलेला असतो. आमच्या गटातली मुलं या खुणा भिंगातून बघतात आणि आम्हा मोठ्यांच्या आधी सांगतात कोण येऊन गेलं. त्यातून त्याला रान कळेल.

एका सापळ्याने काय होतं? एकट्याने काही होत नाही. गल्लीने केलं तर होतं. तुझ्याच शहरातलं मिरामार बघ. त्या द्वीपकल्पाच्या मानेवर विमानतळ आहे, त्यामुळे परत आत शिरायची वाट अरुंद. २०१९ मध्ये काम सुरू झालं. जवळपास २० हजारांची वस्ती, लोकांच्या परसदारी हजारो खोकी, आणि २०२३ च्या अखेरीस उंदीर, स्टोट आणि वीझल तिथून संपल्याचं जाहीर झालं. पोसम त्याआधीच, २००६ मध्ये गेले होते. सगळ्यात जास्त वेळ लागला शेवटचे मोजके उंदीर शोधायला. असे उंदीर बऱ्याचदा एखाद्या "आमच्याकडे नको" म्हणणाऱ्या घराच्या मागे सापडतात, म्हणून आजोबा एवढ्या आर्जवाने बोलत असतील.

राहता राहिले गणपती. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. तेवढे दिवस मी स्प्रिंग उतरवून ठेवते, आमिषही काढते. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला तसं बरं वाटतं. तो काळ इथे वसंताचा, उंदरांची वीण सुरू व्हायचा, म्हणून दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवते आणि ते त्यांची खोकी जास्त लक्ष देऊन बघतात. गटात कुणी कधी यावर बोललं नाही. त्यांना ते समजतं.

सारंग_ऑकलंड

शुभदाताईंशी सहमत. एक भर. इथे ऑकलंडमध्ये आपली साळुंकीही बाहेरून आणलेली. १८७० च्या दशकात किडे खाईल म्हणून आणली, आता दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी फोडते. सकाळी तिचा आवाज ऐकून घरची आठवण येते आणि त्याच वेळी समोरच्या झाडावर काय चाललंय तेही दिसतं. फार अवघड वाटतं.

केतकी, घर भाड्याचं आहे तर घरमालकाला एक ईमेल टाकून ठेव. सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण सांगितलेलं बरं.

अभेद्य

मला हे पटत नाही. उंदराला फाशी आणि सोफ्यावरच्या मांजरीला मऊ उशी. मांजर पक्षी मारत नाही का? आणि जंगलावर हेलिकॉप्टरने १०८० विष टाकतात, त्यात केआ पोपटही मेलेत. तेव्हा कुठे जाते ही करुणा? माणूसच सगळ्यात मोठा बाहेरचा प्राणी आहे.

शुभदा_ब्रुकलिन

अभेद्य, तुमचे पहिले दोन मुद्दे खरे आहेत आणि मी ते टाळणार नाही.

मांजर मारते. १८९४ मध्ये स्टीफन्स बेटावर दीपगृह उभं राहिलं, त्याबरोबर मांजरं आली आणि तिथला न उडणारा चिमुकला रेन पक्षी जगाला माहीत होतो न होतो तोच संपला. २०१६ मध्ये सरकारने २०५० पर्यंत बाहेरून आलेले शिकारी प्राणी देशातून संपवायचा कार्यक्रम जाहीर केला तेव्हा यादीत उंदीर, पोसम आणि स्टोटच्या जातीचे प्राणी होते, मांजर नव्हतं. ती उणीव होती असंच माझं मत. २०२५ च्या अखेरीस रानटी मांजरांचा त्यात समावेश करायचं जाहीर झालं. पाळीव मांजरांचं म्हणाल तर वेलिंग्टनमध्ये २०१८ पासून त्यांना मायक्रोचिप सक्तीची आहे. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की मांजर रात्री घरात ठेवावं. आमच्या गल्लीत मी हे तोंडावर बोलते आणि त्यामुळे एका घराशी माझा अबोला आहे.

१०८० बद्दल : केआ मेलेत, हे खरं. डोंगरातल्या ज्या रानात माणूस पायी पोचू शकत नाही तिथे ते वापरतात. ज्या वर्षी बीच नावाच्या झाडांना उदंड बी धरतं त्या वर्षी उंदीर भरमसाट वाढतात, त्यांच्या मागोमाग स्टोट, आणि बी संपलं की दोघंही घरट्यांवर तुटून पडतात. अशा वर्षी काहीच केलं नाही तर केआची घरटीही वाचत नाहीत. तरी ते विष मला आवडत नाही. म्हणूनच जिथे माणसं राहतात, चालू शकतात, तिथलं काम हाताने व्हायला हवं असं मला वाटतं. शहराच्या पश्चिमेला माकाराच्या बाजूला शेतकऱ्यांच्या जमिनींवर स्टोटसाठी चार हजारांहून जास्त सापळे बसवले, लोक ते बघत राहिले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे किवी सोडले. किवीचं पिल्लू साधारण किलोभर वजनाचं होईपर्यंत स्टोटला तोंड देऊ शकत नाही. तेवढे महिने त्याला मिळावेत म्हणून ही माणसं पावसात डोंगर चढतात.

तिसरा मुद्दा. माणूस बाहेरचा आहे, मान्य. त्याने आणलेल्या गोष्टी निस्तरायचं कामही मग त्याचंच.

आणि करुणा. हाउतुरू बेटावरचे किओरे २००४ मध्ये काढले, तेव्हा न्गातिवाई या माओरी जमातीतल्या अनेकांना ते रुचलं नव्हतं. किओरे त्यांच्या पूर्वजांबरोबर होडीतून आलेला. म्हणून मौइताहा नावाच्या छोट्या बेटावर त्यांनी किओरेंना राखून ठेवलं आहे. उंदरासाठी एक बेट. या देशातले लोक उंदीर मारतात आणि उंदराला बेटही देतात. मला हे सासूबाईंना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

केतकी_म

सगळ्यांचे आभार. शुभदाताई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. मौइताहाचं ऐकून त्या बराच वेळ बोलल्या, त्यांच्या गावच्या देवराईबद्दल. मग म्हणाल्या, "लाव, पण मला दाखवू नकोस. आणि पुरशील तेव्हा कर्दळीच्या बाजूला नको." खोकं कंपोस्टमागे ठेवलंय, आमिष आहे, स्प्रिंग चढवलेली नाही. घरमालकांनी होकार कळवला.

आता नवीनच. काल रात्री डेकवर काटेरी हेजहॉग आला होता. मुलाने त्याला मांजराचं खाणं द्यायचं ठरवलंय. तोही बाहेरचाच ना?

शुभदा_ब्रुकलिन

बाहेरचाच, ब्रिटनमधून आणलेला. जमिनीवरची अंडी, सरडे, वेटा सगळं खातो. वेटा माहीत नसेल तर मुलाला शोधू दे, अंगठ्याहून मोठा, रातकिड्याच्या कुळातला, दिवसा खोडाच्या फटीत लपलेला असतो. फळीला भोकं पाडून झाडाला बांधली की त्यात येऊन राहतो, हे काम तुम्ही दोघं एका दुपारी करू शकाल. हेजहॉगला खाणं घालायचं नाही, हे त्याला आजच सांग, नाहीतर त्याचा लळा लागेल. तुझ्या खोक्याच्या भोकातून हेजहॉग आत जाणार नाही आणि जायलाही नको, व्हिक्टर त्याच्यासाठी नाही. त्याला डॉक २०० नावाचा जड स्प्रिंगचा सापळा लागतो, तो मुलं खेळतात त्या अंगणात ठेवू नकोस. आजोबांना फक्त कळव, गटातलं कुणीतरी वरच्या रानाच्या तोंडाशी बघेल.

स्प्रिंग चढवशील त्या दिवशी आजोबांना बोलाव आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर चढव. खोक्यावर मार्करने नंबर टाक, ट्रॅप डॉट एनझेड या वेबसाइटवर त्या नंबराने नोंद कर, आणि काही सापडलं नाही तरी "काही नाही" अशी नोंद करायला विसरू नकोस. कुठे उंदीर उरलेले नाहीत हे त्या रिकाम्या नोंदींवरूनच कळतं. पीनट बटर आठवड्याला बदल, पावसात बुरशी धरतं. बिनमिठाचं, स्वस्तातलं चालेल.